कोस्टा रिकातील राष्ट्रीय उद्याने व निसर्ग पर्यटन

कोस्टा रिका हा मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व पनामा यांच्या मधला, पूर्वेस कॅरिबियन समुद्र व पश्चिमेस प्रशांत महासागर लाभलेला उष्णकटिबंधीय देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५१,१०० चौ. किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढे आहे. देशाच्या भूभागापैकी सुमारे एक चतुर्थांश भाग राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, जैविक राखीव क्षेत्रे अशा कोणत्या ना कोणत्या स्वरूपात संरक्षित आहे. वर्षावने, मेघवने, शुष्क पानझडी अरण्ये, जागृत ज्वालामुखी, प्रवाळ आणि कासवांचे किनारे एवढ्या लहान क्षेत्रात एकत्र आढळत असल्यामुळे निसर्ग पाहण्यासाठी जगभरातून पर्यटक येथे येतात. पक्ष्यांच्याच ९०० हून अधिक प्रजातींची येथे नोंद झाली आहे. १९९० च्या दशकात पर्यटनाने केळी व कॉफी या पारंपरिक निर्यात मालांना परकीय चलनाच्या मिळकतीत मागे टाकले. तेव्हापासून उद्यानांचे रक्षण आणि उद्यानांतून मिळणारे उत्पन्न यांचा मेळ कसा घालावा, हा तेथील सार्वजनिक चर्चेचा कायमचा विषय आहे.

इतिहास

आज ‘हिरवा देश’ म्हणून मिरवणाऱ्या कोस्टा रिकाने विसाव्या शतकात आपले जंगल अतिशय वेगाने तोडले होते. १९४० च्या दशकात सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वनाच्छादित होता. १९८० च्या दशकात हे प्रमाण एक चतुर्थांशाच्याही खाली गेले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना गोमांस निर्यात करण्यासाठी कुरणे वाढवणे हे त्याचे मोठे कारण होते. शिवाय जंगल साफ करणे म्हणजे जमिनीत ‘सुधारणा’ करणे, असे तत्कालीन जमीन कायदे मानत असत आणि अशा सुधारणेवर मालकी हक्क मिळत असे. म्हणजे झाडे तोडणाऱ्याला कायद्याचेच पाठबळ होते.

संरक्षणाची सुरुवात सरकारी खात्याने केली नाही. ओलोफ वेसबेरी हे स्वीडिश गृहस्थ व त्यांच्या डॅनिश पत्नी कारेन मोगेनसेन यांनी १९५० च्या दशकात निकोया द्वीपकल्पाच्या टोकाजवळ फळबाग लावली. आजूबाजूचे जंगल नाहीसे होताना पाहून त्यांनी परदेशांतून देणग्या जमवल्या, आणि १९६३ मध्ये सरकारने काबो ब्लांको हे संपूर्ण निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर केले. ‘संपूर्ण’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे, कारण पुढे दोन दशकांहून अधिक काळ तेथे पर्यटकांना प्रवेशच नव्हता. वेसबेरी यांनी नंतर ओसा द्वीपकल्पातील अरण्याच्या रक्षणासाठी प्रयत्न सुरू केले. त्याच कामासाठी तेथे गेले असताना १९७५ मध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात ओसामध्ये कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.

१९६९ च्या वन कायद्याने राष्ट्रीय उद्यानांसाठी वेगळ्या विभागाची तरतूद केली. मारियो बोसा व आल्वारो उगाल्दे या दोन तरुणांनी तो विभाग प्रत्यक्षात उभा केला. बोसा यांनी पोआस ज्वालामुखीच्या व्यवस्थापनाचा आराखडा पदव्युत्तर प्रबंध म्हणून आधीच तयार केला होता, आणि १९७१ मध्ये पोआस हे उद्यान झालेही. पुढील दशकभरात सान्ता रोसा, मानुएल आंतोनियो, तोर्तुगेरो, चिरिपो, कोकोस बेट अशी एकामागून एक उद्याने जाहीर होत गेली. देशाने १९४८ मध्येच सैन्य बरखास्त केल्यामुळे लष्करी खर्च नव्हता, ही बाब या संदर्भात नेहमी सांगितली जाते. मात्र उद्यानांकडे तेव्हा पैसा मुबलक होता असा त्याचा अर्थ काढणे चूक ठरेल. सुरुवातीचे वनरक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि जमिनी विकत घेण्यासाठी लागणारा निधी बहुतांशी परदेशी देणग्यांतून येत होता.

१९९६ च्या वन कायद्याने नैसर्गिक जंगलाचे अन्य वापरासाठी रूपांतर करण्यास बंदी घातली, आणि खासगी जमिनीवरील जंगल राखणाऱ्या मालकांना इंधन करातून मोबदला देण्याची पद्धत सुरू केली. आज देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा वनाच्छादित आहे. उद्यानांचा कारभार ‘सिनाक’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संवर्धन क्षेत्र यंत्रणा पाहते. तिने देशाची अकरा संवर्धन क्षेत्रांत विभागणी केली आहे.

हवामान व हंगाम

डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ येथे ‘वेरानो’ म्हणजे उन्हाळा, तर मे ते नोव्हेंबर हा पावसाचा काळ ‘इन्व्हिएर्नो’ म्हणजे हिवाळा म्हणून ओळखला जातो. देश उत्तर गोलार्धात असूनही ही नावे अशी उलटी पडली आहेत, त्यामुळे नवागताचा गोंधळ होतो. कोरड्या काळात रस्ते चांगले असतात, पण गर्दी आणि दरही चढलेले असतात. वरील विभागणी प्रशांत महासागराच्या बाजूस लागू पडते. कॅरिबियन किनाऱ्यावर वर्षभर पाऊस पडतो; तोर्तुगेरो परिसरात तो वर्षाला ५,००० मिमीहून अधिक असतो. पश्चिमेकडे सर्वाधिक पावसाचे असलेले सप्टेंबर व ऑक्टोबर हे महिने दक्षिण कॅरिबियन किनाऱ्यावर मात्र तुलनेने कोरडे असतात. पावसाळ्यातही सकाळ बहुधा उघडी असते आणि सरी दुपारनंतर येतात, म्हणून उद्यानांची दारे उघडताच आत शिरण्याची पद्धत आहे. प्राणी दिसण्याच्या दृष्टीनेही हीच वेळ उत्तम.

ज्वालामुखी

राजधानी सान होजेपासून एका दिवसात पाहून येता येतील असे दोन ज्वालामुखी पोआस (सुमारे २,७०० मी) व इरासू (३,४३२ मी) हे होत. इरासू हा देशातील सर्वांत उंच ज्वालामुखी असून १९६३ ते १९६५ या काळातील त्याच्या उद्रेकांत मध्य खोऱ्यावर राखेचा थर साचला होता. पोआसच्या मुख्य विवरात आम्लयुक्त सरोवर असून कठड्यावरून थेट आत पाहता येते. एप्रिल २०१७ मधील उद्रेकानंतर हे उद्यान सुमारे सोळा महिने बंद राहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये ते उघडले तेव्हा ठरावीक वेळेचे आगाऊ तिकीट, शिरस्त्राण आणि विवराजवळ सुमारे वीस मिनिटांचीच मुभा असे नियम घालण्यात आले. वायूंचे प्रमाण वाढल्यास उद्यान ऐनवेळी बंद होते. शिवाय ढग आडवे आल्यास वीस मिनिटांत केवळ पांढरा पडदा पाहून परतावे लागते. सकाळी लवकरची वेळ घेतल्यास ही शक्यता कमी होते.

आरेनाल ज्वालामुखी शतकानुशतके शांत होता, आणि स्थानिक लोक त्याला साधा डोंगर समजत. २९ जुलै १९६८ रोजी त्याचा स्फोट होऊन पायथ्याची ताबाकोन व पुएब्लो नुएव्हो ही गावे उद्ध्वस्त झाली. मृतांची संख्या ८७ सांगितली जाते. त्यानंतर २०१० पर्यंत तो सतत धगधगत होता, आणि रात्री उतारावरून ओघळणारे लाल दगड पाहण्यासाठी ला फोर्तुना या गावी पर्यटकांची रीघ लागे. जुन्या प्रवासवर्णनांत दिसणारे ते दृश्य आता पाहावयास मिळत नाही. सध्या येथील आकर्षण म्हणजे जुन्या लाव्ह्यावरील पायवाटा व गरम पाण्याचे झरे.

तेनोरियो ज्वालामुखी उद्यानातील रिओ सेलेस्ते ही नदी तिच्या आकाशी रंगामुळे प्रसिद्ध आहे. आकाश रंगवून झाल्यावर देवाने कुंचला या नदीत धुतला, अशी तिथली लोककथा आहे. प्रत्यक्षात दोन रंगहीन प्रवाह एकत्र येतात, त्यांतील एक आम्लयुक्त असतो, आणि संगमावर पाण्यातील ॲल्युमिनियम व सिलिकायुक्त सूक्ष्म कण आकाराने वाढून निळा प्रकाश विखुरतात. संगमाची रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसते. उद्यानाच्या हद्दीत नदीत उतरण्यास मनाई आहे. जोरदार पावसानंतर पाणी गढूळ होऊन रंग जातो, हे तेथे पोहोचल्यावरच अनेकांना कळते.

मोंतेवेर्दे

मोंतेवेर्दे हे राष्ट्रीय उद्यान नसून खासगी राखीव क्षेत्र आहे, तरी देशातील कोणत्याही पर्यटन वर्णनात ते अग्रस्थानी असते. १९५१ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यातून क्वेकर पंथाची काही कुटुंबे येथे स्थायिक झाली. सक्तीच्या लष्करी भरतीस नकार दिल्याने त्यांच्यापैकी चौघांना तुरुंगवास घडला होता. सैन्य नसलेला देश त्यांनी विचारपूर्वक निवडला. दुग्धव्यवसायासाठी जमीन घेताना त्यांनी माथ्यावरील जंगल पाण्याचा स्रोत म्हणून राखून ठेवले. त्याच जंगलाभोवती १९७२ मध्ये मेघवन राखीव क्षेत्र आकारास आले. येथे झाडांना पावसापेक्षाही धुक्यातून ओलावा मिळतो आणि प्रत्येक फांदी शेवाळ, नेचे व ऑर्किडने झाकलेली असते.

या जंगलाच्या अगदी लहान पट्ट्यात सोनेरी भेक हा उभयचर प्राणी राहत असे. नराचा रंग झळझळीत नारिंगी होता. १९८७ च्या विणीच्या हंगामात संशोधकांनी दीड हजारांहून अधिक भेक मोजले. पुढील वर्षी जेमतेम दहा दिसले आणि १९८९ मध्ये एकच नर. त्यानंतर तो कोणालाही दिसलेला नाही व २००४ मध्ये तो नामशेष म्हणून जाहीर झाला. कोरडी पडलेली वर्षे आणि उभयचरांच्या त्वचेस ग्रासणारी बुरशी ही त्यामागची कारणे मानली जातात. हे जंगल कोणी तोडले नव्हते. हद्द आखून आणि पहारा ठेवून जे राखता येत नाही त्याचे हे उदाहरण म्हणून संवर्धनशास्त्रात वारंवार दिले जाते. केटझाल हा लांब शेपटीचा हिरवा पक्षी मात्र येथे तसेच दक्षिणेकडील तालामांका पर्वतात अजून दिसतो. फेब्रुवारीअखेर ते जून हा त्याच्या विणीचा काळ आहे.

कासवांचे किनारे

कॅरिबियन किनाऱ्यावरील तोर्तुगेरो हे हिरव्या कासवांचे पश्चिम गोलार्धातील सर्वांत मोठ्या वीणस्थळांपैकी एक होय. गावापर्यंत रस्ता नाही. होडीने कालव्यांतून किंवा छोट्या विमानाने जावे लागते. आर्ची कार या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात येथे अभ्यास सुरू केला, तेव्हा मांस व सूप यांसाठी कासवांची सर्रास शिकार होत असे. आज त्याच गावातील बहुतेक घरे कासव पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांवर चालतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात रात्री परवानाधारक मार्गदर्शकासोबतच किनाऱ्यावर जाता येते. छायाचित्रण आणि पांढरा प्रकाश या दोहोंना बंदी आहे. मादीने अंडी घालण्यास सुरुवात केल्यावरच लोकांना जवळ नेले जाते, कारण त्याआधी तिला चाहूल लागल्यास ती परत समुद्रात जाते.

प्रशांत किनाऱ्यावरील ओस्तियोनाल येथे ऑलिव्ह रिडले कासवे एकाच वेळी हजारोंच्या संख्येने येतात. या घटनेस ‘आरिबादा’, म्हणजे आगमन, असे नाव आहे. भारतात असे सामूहिक आगमन ओडिशातील गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे होते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास व कोकणातील इतर किनाऱ्यांवर येणारी कासवे याच प्रजातीची असली, तरी ती एकेकटी येतात. ओस्तियोनालच्या ग्रामस्थांना आरिबादाच्या पहिल्या काही तासांत घातलेली अंडी गोळा करून विकण्याची कायदेशीर परवानगी आहे. ही घरटी पुढच्या रात्री येणाऱ्या कासवांकडून उकरली जाऊन बहुधा नष्ट होतातच, असा त्यामागील तर्क आहे. मोबदल्यात ग्रामस्थ किनारा स्वच्छ ठेवतात व चोरट्यांना अडवतात. वेळासमध्ये अंडी कुंपणात सुरक्षित ठेवून पिल्ले समुद्रात सोडली जातात. तेथून आलेल्या वाचकास ओस्तियोनालची पद्धत विचित्र वाटणे स्वाभाविक आहे, आणि खुद्द शास्त्रज्ञांतही तिच्याविषयी एकमत नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये ओस्तियोनालला वेगळाच प्रसंग ओढवला. आठवड्याच्या सुट्टीत शेकडो पर्यटक किनाऱ्यावर उतरले. काहींनी लहान मुलांना कासवांच्या पाठीवर बसवून छायाचित्रे काढली आणि वाट न मिळालेली अनेक कासवे अंडी न घालताच परतली. पहाऱ्यावर मोजकेच रक्षक होते. त्यानंतर तेथे प्रवेशाचे नियम कडक झाले. लास बाउलास उद्यानातील महाकाय लेदरबॅक कासवांची स्थिती याहून चिंताजनक आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका हंगामात हजाराहून अधिक माद्या येत. आता संपूर्ण हंगामात मोजक्याच येतात. अंड्यांची पूर्वीची लूट, मासेमारीची जाळी व गळ आणि किनाऱ्यावरील बांधकामांचा उजेड ही कारणे सांगितली जातात. येथे रात्रभर वाट पाहूनही एकही कासव न दिसणे हा आता नेहमीचा अनुभव आहे.

कोर्कोवादो व ओसा द्वीपकल्प

सुमारे ४२० चौ. किमी भूभागावरील कोर्कोवादो हे मध्य अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर उरलेल्या सखल वर्षावनाचे सर्वांत महत्त्वाचे क्षेत्र होय. देशातील माकडांच्या चारही जाती, बेअर्ड टापीर, जग्वार, प्यूमा व लाल मकाव येथे आहेत. मुक्कामासाठी सिरेना केंद्र असून तेथे पुएर्तो हिमेनेसहून पायी किंवा ड्रेक उपसागरातून होडीने जातात. किनाऱ्याकाठच्या पायवाटेवर भरतीचे वेळापत्रक पाहूनच निघावे लागते, आणि नद्यांच्या मुखांशी मगरी असतात. २०१४ पासून परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय प्रवेश मिळत नाही. जग्वार दिसेल या आशेने जाणाऱ्यांस तो क्वचितच दिसतो. टापीर मात्र सिरेनाच्या आसपास बऱ्याचदा दिसते.

उद्यान जाहीर होताना तेथील शेतकरी कुटुंबांना हलवण्यात आले. पुढे १९८० च्या दशकात केळीच्या मोठ्या परदेशी कंपनीने या भागातून काढता पाय घेतल्यावर बेरोजगार झालेले शेकडो लोक नद्यांत सोने गाळण्यासाठी उद्यानात शिरले आणि त्यांना पोलिसी बळाने बाहेर काढावे लागले. बेकायदा सोने गाळणे आजही पूर्ण थांबलेले नाही.

ग्वानाकास्तेचे शुष्क अरण्य

वायव्येकडील सान्ता रोसा व लगतची उद्याने मिळून बनलेले ग्वानाकास्ते संवर्धन क्षेत्र १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. येथील अरण्य कोरड्या ऋतूत पाने गाळते. त्यामुळे विदर्भातील किंवा सातपुड्यातील उन्हाळी जंगल पाहिलेल्यास त्याचे रूप ओळखीचे वाटते. ओळखीची काही झाडेही येथे मूळ रूपात भेटतात. मुंबईच्या रस्त्यांवर सावली धरणारा पर्जन्यवृक्ष, शेताच्या बांधावर लावली जाणारी गिरिपुष्प आणि देवळापुढचा लाल चाफा ही मूळची अमेरिका खंडाच्या याच पट्ट्यातली. गिरिपुष्पाच्या फांद्या रोवून जिवंत कुंपण करण्याची रीत कोस्टा रिकात सर्वत्र दिसते.

डॅनियल जान्झन व विनी हॉलवॉक्स या शास्त्रज्ञ दांपत्याने १९८० च्या दशकापासून येथील कुरणे विकत घेऊन, वणवे रोखून जंगल परत आणण्याचे काम केले. त्यातील एक प्रयोग विशेष गाजला. १९९० च्या दशकात एका फळरस कंपनीने आपले जंगल उद्यानास द्यावे आणि बदल्यात संत्र्यांच्या साली उद्यानातील पडीक जमिनीवर टाकाव्यात, असा करार झाला. सुमारे १२,००० टन साली टाकल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीने हे उद्यान घाण करणे आहे असा दावा दाखल केला व न्यायालयाने करार थांबवला. सुमारे दीड दशकाने संशोधक तेथे परतले, तेव्हा जागेची खूण सांगणारा फलकही सापडू नये एवढी दाट झाडी वाढलेली होती.

सान्ता रोसा हे केवळ निसर्गस्थळ नाही. २० मार्च १८५६ रोजी कोस्टा रिकाच्या फौजेने विल्यम वॉकर या अमेरिकन साहसिकाच्या भाडोत्री सैन्याचा येथील वाड्याजवळ पराभव केला. तो जुना वाडा २००१ मध्ये जाळपोळीत नष्ट झाला व नंतर पुन्हा बांधण्यात आला.

अन्य स्थळे

चिरिपो (सुमारे ३,८२० मी) हे देशातील सर्वोच्च शिखर असून सान हेरार्दो दे रिवास या गावातून शिखरापर्यंत जवळजवळ २० किमी चढण आहे. वाटेतील निवाऱ्यात मर्यादित जागा असल्याने महिनोन्महिने आधी नोंदणी करावी लागते. पनामाशी सामायिक असलेले ला आमिस्ताद उद्यान विस्ताराने मोठे पण पर्यटकांना फारसे परिचित नाही. कोकोस बेट किनाऱ्यापासून ५०० किमीहून दूर आहे. तेथे दीड दिवसाचा बोटीचा प्रवास करून प्रामुख्याने पाणबुडेच जातात आणि त्यांना बोटीवरच राहावे लागते. मानुएल आंतोनियो हे लहान उद्यान सर्वाधिक गर्दीचे आहे. खासगी मालकांनी किनाऱ्याची वाट अडवल्यावर स्थानिकांनी केलेल्या विरोधातून १९७२ मध्ये ते जन्मास आले. येथील कॅपुचिन माकडे व रॅकून पिशव्यांतून खाद्यपदार्थ पळवण्यात इतके तरबेज झाले आहेत, की दारातच सामान तपासले जाते.

प्रवेश व सुरक्षितता

बहुतेक प्रमुख उद्यानांची तिकिटे सिनाकच्या संकेतस्थळावर आगाऊ काढावी लागतात. अनेक ठिकाणी दारावर तिकीट मिळत नाही. परदेशी नागरिकांना स्थानिकांपेक्षा बरेच अधिक शुल्क आहे. काही उद्याने आठवड्यातून एक दिवस बंद असतात. वन्य प्राण्यांना खाऊ घालणे बेकायदा असून, त्यांना हातात घेऊन छायाचित्र काढण्याविरुद्ध सरकारने २०१९ मध्ये मोहीम राबवली.

जंगलात भीती वाटते ती जग्वारची, पण पर्यटकांचे अधिक मृत्यू समुद्रात होतात. प्रशांत किनाऱ्यावर आत ओढून नेणारे प्रवाह प्रबळ आहेत आणि बहुतांश किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न येता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे लागते. सापांपैकी तेर्सिओपेलो हा सर्वांत घातक होय. सह्याद्रीतील चापडा ज्या उपकुळातला, त्याच उपकुळातला तो आहे. पायवाट न सोडणे व गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालणे हा त्यावरील स्थानिक उपाय. सान होजेजवळील क्लोदोमिरो पिकादो संस्था १९७० पासून प्रतिविष तयार करते व ते अन्य देशांनाही पुरवते.

स्थानिक लोक व वाद

उद्यानांच्या हद्दीतील काही जमिनींची भरपाई मूळ मालकांना अद्याप मिळालेली नाही. उद्यानांत जमा होणारे शुल्क त्याच उद्यानावर खर्च होत नाही आणि रक्षकांची संख्या अपुरी आहे, अशा तक्रारीही जुन्या आहेत. याबाबत काउइता या कॅरिबियन किनाऱ्यावरील आफ्रिकी वंशाच्या मच्छीमारांच्या गावाचे उदाहरण वेगळे आहे. १९७० मध्ये प्रवाळाच्या रक्षणासाठी त्यांच्या किनाऱ्याला राष्ट्रीय स्मारक व १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान करण्यात आले, तेव्हा त्यांच्या नारळबागा व मासेमारीवर निर्बंध आले. १९९१ च्या भूकंपात समुद्रतळ वर उचलला जाऊन प्रवाळाचीही हानी झाली. १९९४ मध्ये सरकारने परदेशी पर्यटकांचे शुल्क एकदम वाढवल्यावर पर्यटक येईनासे होतील या भीतीने ग्रामस्थांनी उद्यानाचे दारच ताब्यात घेतले आणि लोकांना शुल्काविना आत सोडले. वाटाघाटींतून पुढे गाव व सरकार यांची संयुक्त व्यवस्थापन समिती स्थापन झाली. गावाकडील प्लाया ब्लांका प्रवेशद्वारावर ठरावीक शुल्काऐवजी ऐच्छिक देणगी घेण्याची पद्धत पडली, तर दक्षिणेकडील पुएर्तो वार्गास प्रवेशद्वारावर नेहमीप्रमाणे तिकीट घ्यावे लागते.